टाळ्या आणि हॉटडॉगिंग

सत्त्याण्णवच्या थंडीत एका सुट्टीच्या शुक्रवारी आमचे मॅनेजर ऑफिसातल्या आम्हा चौघांना आखातातल्या बिदियाच्या वाळवंटात घेऊन गेले. युरोपातून आणलेल्या स्की पायांना बांधून ते वाळूच्या टेकडीवरून घसरत आले आणि मध्येच उडी मारून त्यांनी हवेत गिरकी घेतली. तिकडे याला ‘हॉटडॉगिंग’ म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. शहरात, कुरुम भागातल्या आमच्या ऑफिसात आम्ही याला शायनिंग मारणं म्हणायचो, तेही त्यांच्या केबिनचं दार बंद असताना.

आम्ही टाळ्या वाजवल्या. मीटिंगमध्ये ते काहीही बोलले तरी आम्ही वाजवायचो, तशाच. त्यामुळे ते पुन्हा वर चढले, आणखी उंच. या वेळी गुडघ्यावर आपटले आणि लंगडत उठले. आम्ही पुन्हा टाळ्या वाजवल्या. ते तिसऱ्यांदा निघाले.

“अरे, वाळूतून गाडी फक्त यांनाच काढता येते,” आमचा ड्राफ्ट्समन कुजबुजला. “पाय मोडला तर आपण इथेच खलास!”

“मग टाळ्या थांबव,” मी म्हणालो.

“मी? माझं प्रमोशन अडलंय, बाबा. तू थांबव.”

सर्वांत उंच कड्यावरून मॅनेजरांनी आमच्याकडे बघत हात वर केले. मी माझे हात खिशात घातले. बाकीच्यांनीही घातले, ड्राफ्ट्समनने सर्वांत शेवटी. मॅनेजर बराच वेळ तसेच उभे राहिले, मग स्की खांद्यावर टाकून पायी खाली आले.

“आज वाळू बरोबर नाही,” ते म्हणाले.

“अगदी खरं, सर,” आम्ही चौघंही एकदम म्हणालो.