मिक्सरमागे अठरा माणसं

डिंगोरे गावच्या समाजमंदिराचं बांधकाम चालू होतं. कुठल्या कामाला किती माणसं लावायची, हे वीस वर्षं मुकादम हौशीरामच ठरवत आला होता. यंदा ठेकेदाराने ते वृषालीकडे दिलं. नुकतीच इंजिनिअर झालेली पोर! गवंडीसुद्धा आता तिलाच विचारायला जात. ते पाहून हौशीरामचा जीव जळायचा.

स्लॅबच्या दिवसासाठी तिने अठरा माणसं सांगितली, तीही अकरा वाजता. कारण मिक्सर खोडद गावचं काम उरकून येणार होता.

"हिला काय कळतंय?" म्हणत हौशीरामने परस्पर तीस माणसं सकाळी सातलाच बोलावली. बसून बसून माणसं वैतागली. दहाच्या सुमारास बारा जणं कांद्याच्या लागणीला निघूनही गेली. मिक्सर आला तेव्हा नेमकी अठरा उरली होती. मिक्सर थांबला नाही, माणूस रिकामा राहिला नाही, आणि दिवस मावळायच्या आत स्लॅब टाकून झाला.

हौशीरामला ते जास्तच झोंबलं.

"अठराच कशी काढली गं?" त्याने घुश्शातच विचारलं.

"मामा, मिक्सर एका वेळी जेवढा माल देतो, तेवढा वर पोचवायला अठराच लागतात. जास्तीची नुसती उभी राहतात."

"एवढं आमालाबी कळतंय," तो म्हणाला.

खरं तर त्याने तसा हिशोब कधी केलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी मात्र माणसांना निरोप धाडण्याआधी तो तिच्याकडे गेला आणि तोंड फिरवून म्हणाला, "आज किती?"