परत करावा लागणार नाही असा कुत्रा

पहिला कुत्रा त्यांच्या घरी नऊ दिवस होता. दहाव्या दिवशी मुलीच्या बाबांनी त्याला टोपलीत घातलं आणि जिथून आणला होता तिथं परत नेऊन दिलं, कारण मुलीची छाती वाजायला लागली होती. मुलीला लहानपणापासून दमा. घरात तिला ‘वकील’ म्हणतात, कारण कुठलाही नकार ती तीन प्रश्न विचारल्याशिवाय मान्य करत नाही. त्या दिवशी तिनं एकही प्रश्न विचारला नाही. कुत्र्याचा पट्टा आईच्या शिलाई मशीनवर ठेवला, म्हणाली, “मी परत मागणार नाही,” आणि गृहपाठाला बसली.

आईला लागलं ते हेच. ती रडली असती तर समजूत काढता आली असती.

आई पडदे शिवते. रस्त्याच्या वळणावर एका खोलीचं दुकान, त्यात खोलीभर लांब टेबल, वाफेची इस्त्री, भिंतीला उभे केलेले कापडाचे तागे. आजूबाजूचे तिला पडदेवाली म्हणतात आणि ती त्या हाकेला ओ देते. बावीस वर्षांत तिनं गिऱ्हाइकानं सांगितलेलं माप कधी खरं मानलेलं नाही. स्वतः जाते, खिडकी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजते. तिन्ही मापं सारखी आली तर चौथ्यांदा मोजते, कारण तिच्या मते असं होतच नाही.

दीड वर्षानं तिनं जेवताना जाहीर केलं, “कुत्रा आणायचा. आणि आणला की तो इथंच राहणार.”

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेल्या माणसांना शांत ठेवणं हा त्याच्या कामाचाच भाग आहे. तो त्याच आवाजात म्हणाला, “अगं, डॉक्टरांना तरी विचार.”

तिनं आधीच विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले होते की त्रास केसांपेक्षा कातडीच्या कोंड्याचा आणि लाळेचा असतो. पूर्ण निर्धोक अशी कुठलीच जात नाही. कुणाला कुठला कुत्रा सोसेल ते बघूनच ठरवावं लागतं. मुलीकडे श्वासाचा जोर मोजायचं यंत्र होतं. सकाळ-संध्याकाळ त्यात जोरात फुंकायचं, काटा कुठं थांबला ते वहीत लिहायचं. तिचा चांगला आकडा तीनशे. दोनशे चाळीसच्या खाली गेला की औषध.

लोक सुचवत होते ते पूडलचे संकर. पूडलचे केस कुरळे, गळतात कमी, म्हणून त्याची इतर जातींशी जोडी लावतात. कॉकर स्पॅनियलशी लावली की कॉकापू, कॅव्हेलियरशी कॅव्हापू, लॅब्राडॉरशी लॅब्राडूडल.

“ही कुत्र्यांची नावं आहेत की बिस्किटांची?” नवऱ्यानं विचारलं.

“एक तरी अख्खा आहे का यात?” सासूबाई म्हणाल्या. “सगळी अर्धीमुर्धी. आणायचाच तर मांडीवर मावेल असा आणा. तो तिसरा घोड्याएवढा असतो म्हणे. त्याला फिरवायला नेणार कोण? तो मला नेईल.”

वकिलानं काहीच मागितलं नाही. पण संगणकावर कॅव्हापूच्या पिल्लांचे फोटो उघडे राहायला लागले.

पडदेवालीनं फोटो पाहिले नाहीत. तिनं पांढऱ्या फ्लॅनेलचे तीन चौकोन कापले, कडा तीन रंगांच्या दोऱ्यांनी दुमडून शिवल्या आणि तीन ठिकाणच्या कुत्रेवाल्यांना पाठवून दिले. कुत्र्याला आठवडाभर यावर झोपवा आणि फडकं पिशवीत बंद करून परत पाठवा. दोघांनी हसत हसत कबूल केलं. तिसऱ्यानं, म्हणजे कॅव्हापूवाल्यानं, आधी वाद घातला. मग एकेक फडकं तीन-तीन रात्री मुलीच्या उशीवर.

नऊ दिवसांत आकडा दोनशे नव्वदच्या खाली आला नाही. तिन्ही कुत्रे पास. मग भांडायचं कशाला? कॅव्हापूचं पिल्लू ठरलं, शनिवारी आणायचं ठरलं, सासूबाईंनी मांडीवर घ्यायला जुनी शालसुद्धा काढली.

गुरुवारी संध्याकाळी मुलगी फडकं नाकाशी धरून दुकानात आली.

“आई, याला साबणाचा वास येतोय.”

“मग?”

“मग कुत्र्याचा वास कुठंय?”

पडदेवालीच्या हातातली कात्री थांबली. तिच्या दुकानात कापड आलं की आधी पाण्यात जातं. आटायचं ते शिवण्याआधी आटू दे, हा बावीस वर्षांचा शिरस्ता. पिशव्या आल्या त्या दिवशी खिडक्यांचं कापडही आलं होतं. तिन्ही फडकी तिनं त्याच्याबरोबर भिजवली, धुतली, वाळवली, इस्त्री केली आणि लेकीच्या उशीवर घातली.

घरी नवऱ्याला हसू आवरेना. सासूबाई म्हणाल्या, “हिच्या हातात वर्तमानपत्र दिलं तरी आधी भिजत घालेल.”

ती हसली नाही. तिनं कॅव्हापूवाल्याला फोन लावला. शनिवारी येत नाही, फडकं पुन्हा पाठवते.

“अहो ताई, पूडलचा संकर आहे. त्रास होतच नाही. लेखी देतो.”

“लेखी नको. फडकं द्या.”

दुसऱ्या खेपेला पिशव्या दुकानात उघडल्याच नाहीत. कॅव्हापूच्या फडक्यावर दुसऱ्या सकाळी आकडा दोनशे पंचवीसवर आला, छाती वाजली, औषध द्यावं लागलं. फडकं घराबाहेर गेलं. मुलगी पूर्ण सावरेपर्यंत आठवडाभर सगळं बंद ठेवलं. मग लॅब्राडूडल: दोनशे सत्तर, दोनशे पासष्ट. पुन्हा आठवडा सोडून कॉकापू: दोनशे नव्वद, दोनशे पंच्याऐंशी, दोनशे नव्वद.

“झालं तर मग,” नवरा म्हणाला. “कॉकापूचं पिल्लू.”

“फडक्यावर पिल्लू झोपलं होतं की मोठा कुत्रा?” तिनं विचारलं. ते कुणालाच माहीत नव्हतं. तिनं फोन केला. कॉकापूवाली बाई सरळ होती. म्हणाली, फडक्यावर पिल्लांची आई झोपली होती. पिल्लांचे केस आठ-दहा महिन्यांनी बदलतात. एकाच वेतातलं एक कुरळं निघतं, एक सरळ. तुमच्या मुलीला कुठलं सोसेल, ते आज सांगता येणार नाही.

“आणि आईचं?”

“तिचं काय बदलायचंय? चार वर्षांची आहे. आता तिची पिल्लंही घेणार नाही मी.”

“मग तिलाच देता का?”

“लोक पिल्लू मागतात,” बाई म्हणाली.

घरातही पिल्लूच हवं होतं. सासूबाई पुटपुटल्या की वापरलेली कुत्री आणतंय का कुणी. मुलगी मात्र दीड वर्षानं पहिल्यांदा वकिलासारखी बसली.

“म्हणजे पिल्लू नाहीच?”

“नाही.”

“ती किती जगेल?”

“अजून दहा वर्षं धर. तू एकवीसची असशील.”

“आणि आकडा खाली आला तर?”

“औषध द्यायचं, डॉक्टरांना विचारायचं. आणि घरात काय काय बदलता येतं ते सगळं बदलायचं. कुत्रीला परत द्यायचा विचार सगळ्यात शेवटी.”

चार शनिवार मायलेकी कॉकापूवालीकडे गेल्या. मुलीनं तासभर कुत्रीपाशी बसायचं, आधी आणि नंतर फुंकायचं. आकडे ठीक आले. पाचव्या शनिवारी कुत्री घरी आली. सासूबाईंच्या मांडीवर ती अर्धी मावली. उरलेली अर्धी कोचावर राहिली आणि सासूबाईंनी तक्रार केली नाही.

सहाव्या दिवशी आकडा दोनशे पन्नास. नवऱ्यानं कोपऱ्यातल्या टोपलीकडे पाहिलं. “काय करायचं?”

“शिडी आण.”

तिनं डॉक्टरांना फोन करून आकडा सांगितला. मग मुलीच्या खोलीतले पडदे उतरवले. दुहेरी अस्तराचे, तिनं स्वतः शिवलेले, दुकानात गिऱ्हाइकांना नमुना म्हणून ज्यांचा फोटो लावला होता ते. काचेला साधा कागद चिकटवला, कारण धूळ आणि कोंडा कापडात बसतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. गालिचा गुंडाळून जिन्याखाली गेला. कुत्रीला दर दोन दिवसांनी ओल्या कपड्यानं पुसायचं काम नवऱ्याकडे आलं आणि झोपायच्या खोलीत तिला मज्जाव झाला.

“दारापर्यंत चालेल?” वकिलानं विचारलं.

“दारापर्यंत.”

“दार उघडं ठेवलं तर?”

“बंद.”

“फटीतून पाहिलं तर?”

“पाहा.”

आकडा पाच दिवस दोनशे साठच्या आसपास रेंगाळला, मग चढला. आता दोनशे पंच्याऐंशीवर आहे. तीनशे झालेला नाही. डॉक्टर म्हणतात, एवढं चालेल, वही मात्र सुरू ठेवा. एका गिऱ्हाइकानं परवा विचारलं, तुमच्याच घराच्या खिडकीला पडदा कसा नाही हो? पडदेवालीनं टेप उलगडून त्याच्या खिडकीचं खालचं माप घेतलं, लिहिलं आणि सांगितलं, “घरात कुत्री आहे.”