रेडिएटरमधली उष्टी हळद

दुधात हळद उकळू लागली की मला आमचं अकोल्याचं अंगण दिसतं. अंगभर हळद लागलेला काका तिथे आपल्या दोन सीटांच्या स्पोर्ट्स कारच्या रेडिएटरला नवा रबरी पाइप बसवत होता. त्याला लावून उरलेली उष्टी हळद अमरावतीला पोचल्याशिवाय नवरीला हळद लागणार नव्हती, आणि ती घेऊन बाबा आणि मी त्याच गाडीने निघणार होतो. पाइप बसला, पण रेडिएटर खालून ठिबकतच राहिला. तेव्हा काकाने आत्याच्या हातातली हळदीची वाटी घेतली आणि सरळ रेडिएटरमध्ये ओतली. “अरे, थे नवरीची हळद हाये!” आत्या ओरडली. “नवरीपाशीच तं जाऊन राह्यली नं, अक्का!” ठिबकणं खरंच थांबलं. हळदीने भोक कसं बुजतं, हे मी बाबांना वाटभर विचारत राहिले. अमरावतीला बाबांनी रेडिएटरची तोटी उघडून वाटीत पिवळं पाणी धरलं, तेव्हा सगळा मांडव भोवती जमला. नवरीच्या आजीने बोट बुडवून वास घेतला. “जराशी गरम हाये, पण नवरदेवाचीच हाये,” ती म्हणाली, आणि नवरीने हसत दोन्ही हात पुढे केले. पोरांनो, हळदीचे कण भोकात अडकून ते बुजतं, हे मला पुढे कळलं. काकू तेव्हा एवढी निर्धास्त कशी हसली, याचं कुतूहल मात्र अजून आहे.