रेघेवरचा कोंबडा

कोंबड्याची चोच जमिनीला टेकवून तिच्यापुढं सरळ रेघ ओढली, की कोंबडा जागचा हलत नाही, हे शास्त्रीय सत्य आहे. या सत्यापायी माझ्या सासुरवाडीत मला आजतागायत कोणी काही धरायला देत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कोल्हापुरात विज्ञानाचा मास्तर, लग्न नुकतंच झालेलं. नव्या जावयाच्या मानासाठी सासऱ्यांनी (आम्ही त्यांना मामा म्हणतो) राधानगरीकडं तलावाच्या काठावर रस्सा करायचा बेत आखला. ट्रॅक्स जीपमध्ये पातेली, तांदूळ, बटाटे, वाटलेला मसाला, सासूबाई म्हणजे मामी, माझी बायको सुनंदा आणि एक तांबडा, रागीट, जिवंत कोंबडा.

"ताजं पायजे, पावणं! कापून आणल्यालं आमी खात न्हाय!" असं म्हणत मामांनी पाय बांधलेला कोंबडा माझ्या हातात दिला. "मी चूल पेटिवतो. तुमी एवढं धरा. दुसरं काय बी करू नका!"

सासुरवाडीनं सांगितलेलं पहिलंच काम. इथं नाव काढलं की जन्माची चिंता मिटली! पण ती रेघेची गोष्ट मी नुकतीच एका मासिकात वाचली होती, आणि मास्तराच्या हातात कोंबडा काय रोज येतो? बरं, पाय बांधलेला कोंबडा हलला नाही तर त्यात शास्त्र कसलं? म्हणून मी सुतळी सोडली. (हे वाक्य सुनंदा अजून लग्नाकार्यात माझ्या आवाजात म्हणून दाखवते.) चोच मातीला टेकवली, काटकीनं रेघ ओढली, हात हळूच काढून घेतला.

कोंबडा गप्प! मला इतका आनंद झाला की मी ओरडलोच, "सुनंदाऽ! बघ, बघ, हलत नाही!"

कोंबडा हलला.

"आगं बया! पावण्यांनी कोंबडं सोडलं की!" मामी किंचाळल्या. तोवर तो करवंदीच्या जाळीत गडप झाला होता.

मामांनी धोतर खोचलं. "आमच्या आज्यानं राजाच्या शिकारीत डबं बडवून वाघासाठी हाका घातलाय. ह्ये तर कोंबडं! वाजवा!" त्यांनी मला ताट आणि पळी दिली. मी एका बाजूनं ताट बडवतोय, सुनंदा दुसऱ्या बाजूनं पातेलं, मामा "हो हो हो" करत जाळीत काठी घालताहेत. कोंबडा सोडून सगळं रान बाहेर आलं. त्यात खाकी कपड्यातला जंगलाचा गार्डही आला.

"ओ पावणं! थांबा तितंच!"

मी थांबलो.

"शिकार व्हय?" त्यानं चुलीवरचा उकळता मसाला पाहिला, सुरी पाहिली. "रानकोंबड्याला हात लावायला बंदी हाय, ठावं न्हाय?"

"आमचंच हाय ओ सायेब!" मामा म्हणाले.

"आपल्या कोंबड्याला कोण ताटं बडवून हुडकतंय? आन् तुमचं हाय तर सुटलं कसं?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी शास्त्र सांगितलं. आता हा बेड्या काढतो असं मला वाटलं. पण तो दबक्या आवाजात म्हणाला, "अजाबात हलत न्हाय?"

"अजिबात."

"दावा बघू."

तेवढ्यात मामींनी तांदूळ टाकून "बाऽ बाऽ बाऽ" केलं आणि कोंबडा माहेरी आल्यासारखा चालत आला. तो पाळीव असल्याचं सिद्ध झालं, पण त्यात आता कोणाला रस नव्हता. मी पुन्हा चोच टेकवली, रेघ ओढली, हात काढला. कोंबडा गप्प!

गार्ड उकिडवा बसला. मामा चूल सोडून आले.

"मेलं का काय गं?" मामी म्हणाल्या.

"न्हाय, डोळं उघडं हाईत," सुनंदानं सांगितलं.

"किती येळ बसतंय म्हनायचं?" गार्डनं विचारलं.

प्रश्न अस्सल शास्त्रीय होता. मासिकात उत्तर नव्हतं. मग ते बघायलाच हवं, म्हणून आम्ही पाचही जण श्वास रोखून बसलो. कोंबडा धरावा असं एकालाही सुचलं नाही.

मागं पातेलं उतू गेलं. फस्स!

कोंबडा उडाला तो गार्डच्या खांद्यावरून, आणि अभयारण्याच्या बोर्डापलीकडं दिसेनासा झाला. मामा धावले, तर गार्डनं हात आडवा केला. "बोर्डाच्या आत जायचं न्हाय. आत गेलं त्ये सरकारचं!"

त्या दुपारी आम्ही बटाट्याचा रस्सा खाल्ला. गार्डनंही खाल्ला, दोनदा मागून घेतला. मामांनी वाढायची पळीसुद्धा माझ्या हातात दिली नाही, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून सासुरवाडीची कुठलीही सहल निघाली, की कोंबडा गाडीतून उतरण्याआधी मला उतरवतात. सुनंदा एका झाडाखाली मला बसवते, काटकीनं माझ्यापुढं रेघ ओढते आणि बजावते, "अहो, ह्याच्या पल्याड यायचं न्हाय!"

मी हलत नाही. किती वेळ बसतं, या गार्डसाहेबांच्या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याकडं आहे: रस्सा ताटात येईस्तोवर!