बाईंचं वाक्य

“मग?” एवढंच त्या विचारायच्या. दोन्ही हात कीबोर्डवर, नजर स्क्रीनवर, आणि “मग?”

नवी पेठेमागच्या बोळात, जिन्याखालच्या खोलीत बाई टायपिंग करत. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नाळू मुलांचे बायोडेटा. माझं मनगट मोडलं तेव्हा दिवाळी अंकाची कथा अर्धी राहिली होती, म्हणून ती सांगायला त्यांच्याकडे गेलो. हात दीड-दोन महिन्यांत बरा झाला. मी मात्र सहा वर्षं जात राहिलो. तुम्हीही घरी पोरांना गोष्टी सांगितल्या असतील, तर कारण तुम्हाला ठाऊक आहे. “मग?” ऐकलं की मला पुढचं सुचायचं. माझं वर्णन लांबलं की बाई पदरानं स्क्रीन पुसायला घेत. माझ्यामुळे ती स्क्रीन फार स्वच्छ राहिली.

खोली एवढीशी, त्यामुळे चपला बाहेर काढाव्या लागत. ऊन सरकलं की बाई मध्येच उठून त्या सावलीत सरकवून येत. “तापत्यात की, सर,” म्हणत. यजमान जाऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. त्यांच्याविषयी मी कधी विचारलं नाही.

एकदा नवरा गेलेल्या बाईची कथा सांगत होतो. शेवटी तिच्या डोळ्यांत मी अश्रूंचा पूर आणला. त्या दिवशी “मग?” आलं नाही. घरी येऊन प्रिंट वाचली, तर पुराच्या जागी भलतंच वाक्य. ‘दारात ऊन आलं, तेव्हा तिनं त्याच्या चपला सावलीत सरकवल्या.’

दुसऱ्या दिवशी तणतणत गेलो. बाई ओशाळल्या.

“चुकलं, सर. पण ती रडत न्हाय हो. तुमचं परत घालू का?”

मी नको म्हणालो आणि कथा तशीच पाठवली.

संपादकांचा फोन आला तो त्या वाक्यासाठी. वाचक बोलले ते त्याच वाक्यावर. एका छोट्या सत्कारात कुणीतरी विचारलं, हे सुचलं कसं? मी म्हणालो, निरीक्षण. टाळ्या पडल्या. बाई तिसऱ्या रांगेत होत्या, त्यांनीही वाजवल्या.

त्यानंतर मला त्यांच्यासमोर बसवेना. मनात चोर होता. लॅपटॉप घेतला आणि बाईंना थाप मारली, डॉक्टरांनी बोटांना व्यायाम सांगितलाय. एक कथा त्यांच्याकडे अर्धीच होती, घर सोडून निघालेल्या पोरीची.

“मग? पोचली का ती?” त्यांनी विचारलं.

“येऊन सांगतो,” म्हणालो.

दोन वर्षं गेलो नाही. घरी एकटाच टाइप करत बसायचो. पहिलं वाक्य दहा वेळा खोडून घासूनपुसून लखलखीत करायचो, पण कथेतला माणूस काही जागचा हलायचा नाही. कंटाळून स्क्रीन पुसणारं समोर कुणी नव्हतं.

यंदाच्या उन्हाळ्यात शेवटी धीर करून गेलो. त्या वाक्याचं बाईंना सांगायचंच, असं ठरवून. खुर्चीत त्यांची मुलगी होती. बाई संक्रांतीनंतर गेल्या, म्हणाली. मी स्टुलावर बसलो. अर्ध्या राहिलेल्या त्या पोरीच्या गोष्टीचा शेवट तिला सांगितला. तिनं नीट ऐकलं आणि “छान हाय,” म्हणाली.

मग मी सांगून टाकलं. चपलांचं ते वाक्य तुझ्या आईचं होतं, माझं नव्हे. मी कुणाला सांगितलं नाही.

मुलगी म्हणाली,

“व्हय? आई तर येईल त्याला वाचून दाखवायची. म्हणायची, बघा आमच्या सरांनी कसं लिवलंय.”

मी उठून बाहेर आलो. चपला उन्हात होत्या. पाय घातले, तर चटका बसला.