मालनताईच्या गाडीचं मागचं दार

आमच्या मालनताईला एखादी वस्तू घासल्याशिवाय बरं वाटत नाही. मी घाडींच्या घरात धाकटी सून म्हणून आले, तेव्हा माझ्या या मोठ्या जावेने मला पहिला प्रश्न विचारला तो असा, "सीमा, समई तू चिंचेने घासतेस की लिंबाने?" मी म्हटलं, आमच्याकडे आई पावडरने घासते. त्या दिवसापासून घरातल्या पितळेला तिने मला हात लावू दिलेला नाही. करी रोडच्या आमच्या चाळीच्या गणपतीच्या समया, तबकं, घंगाळ दरवर्षी तिच्याकडेच घासायला येतात. चिंच, मीठ आणि वरून रांगोळीची पूड. जोर असा लावते की बघणाऱ्याचा खांदा दुखावा.

तिचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर तुळशीदासदादा, जन्मभर ड्रायव्हर. फोर्टातल्या एका साहेबाची गाडी त्यांनी चालवली. साहेब मागे, दादा पुढे. गाडी थांबली की दादांनी उतरायचं, वळसा घालून मागचं दार उघडायचं, साहेब उतरले की हलकेच लावायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी जुनी, गडद निळ्या रंगाची गाडी घेतली. घाडींच्या घरातली पहिली. चतुर्थीला कणकवलीकडच्या आमच्या गावी स्वतःच्या गाडीने जायचं आणि घरासमोरच्या खळ्यात उतरायचं, एवढीच त्यांची इच्छा. आणि नेमका त्याच वर्षी काचबिंदू निघाला. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, तसं झालं. आता त्यांना समोरचं धूसर दिसतं, बाजूचं काहीच नाही. गाडी चाळीच्या आवारात कव्हर घालून उभी राहिली.

मग पन्नाशी उलटलेली मालनताई कुणाला न सांगता लालबागच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन नाव घालून आली.

चाळ ती. बातमी संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यावर पोचली. लायसन्स हातात आल्यावर पहिल्यांदा ती गाडी आवारातून बाहेर काढताना लोक गॅलरीत चहाचे कप घेऊन उभे होते. सर्वात जास्त पोटात दुखलं ते माझ्या नवऱ्याच्या. हितेंद्र माणूस चांगला आहे, मी काही त्याची बदनामी करायला बसलेले नाही. पण दादांनंतर ती चावी आपल्याकडेच येणार, असं त्याने मनात धरलं होतं.

"वहिनी, लालबाग मार्केटपर्यंत ठीक आहे," तो म्हणाला. "पण गावी मी नेणार. हायवेला ट्रकवाले साइड देत नाहीत. घाटात रिव्हर्स घ्यायला लागली तर काय करशील?"

"भावजी, घाटात रिव्हर्स कित्याक घेवचो?" मालनताईने विचारलं. मला फार बरं वाटलं.

शेवटी दादांनी निवाडा केला. ड्रायव्हर लोकांत त्यांचा एक नियम होता, ज्याच्या हातून ओरखडा, त्याच्या हातून चावी गेली. तोच त्यांनी घरात लावला. चतुर्थीपर्यंत गाडीला ओरखडा आला नाही, तर गावी मालन नेणार. आला, तर चावी हितूकडे, कायमची. मालनताई लगेच हो म्हणाली.

आता ज्याला दिसत नाही तो ओरखडा कसा बघणार, असं कुणालाही वाटेल. दादा डोळ्यांनी बघतच नव्हते. रोज सकाळी चहा झाला की कठड्याला धरून ते खाली उतरायचे आणि गाडीवरून हात फिरवायचे. बॉनेटपासून सुरुवात, मग डाव्या बाजूची दोन्ही दारं, मागून वळसा, उजवी बाजू. चार बोटं पत्र्यावर टेकवलेली, अंगठा वर. कावळ्याने घाण केली असेल तर त्यांना कळायचं. कुणी पाण्याची बादली टेकवून गेला असेल तर तेही कळायचं. डोळे गेले आणि सगळं त्या बोटांत उतरलं, असं मालनताई म्हणायची.

श्रावणात चाळीच्या गणपती मंडळाने आवाराच्या लोखंडी गेटला पिवळाधमक ऑइलपेंट दिला. त्या दिवशी मी आणि मालनताई नारळ आणायला गेलो होतो. येताना गेटातून वळताना समोर हातगाडी आली, मालनताईने गाडी जरा डावीकडे घेतली, आणि मागच्या दाराकडून कर्र आवाज आला. गेटची कडी बाहेर राहिली होती.

"लागली?" तिने विचारलं.

"लागली," मी म्हटलं.

दोघी उतरलो. मागच्या डाव्या दारावर वीतभर लांब पिवळा पट्टा. दादा वर झोपले होते, हितेंद्र कामावर. आवारात कुणाचं लक्ष नव्हतं. मी म्हटलं, ताई, आता शांत डोक्याने विचार करू. पण ती तोपर्यंत जिना चढून गेली होती. परत आली ती वाटीत भिजवलेली चिंच, मीठ आणि रांगोळीचा डबा घेऊन. दुसऱ्या कुणाला हे सुचलं नसतं. हातांना जे एक काम पाठ होतं, तेच तिने केलं. दार घासायला घेतलं.

पिवळा रंग गेला, हे कबूल केलं पाहिजे. पण त्याबरोबर गाडीची चकाकीही गेली. तिथे ताटाएवढा पांढुरका, निस्तेज डाग उठला आणि मध्ये कडीचे दोन ओरखडे स्वच्छ दिसायला लागले. एवढी मेहनत करून तिने आपल्या चुकीभोवती रांगोळी काढून ठेवली होती.

मालनताई जिन्याच्या पायरीवर बसली आणि रडली. मी तिला इतक्या वर्षांत सासूबाई गेल्या तेव्हाच रडताना पाहिलं होतं. म्हणाली, "त्यांका खळ्यात मी उतरवूचा होता गो." हितेंद्रने गाडी नेली असती तरी दादा गावी पोचलेच असते, हे तिलाही कळत होतं. पण मग ती गाडी हितेंद्रची झाली असती, आणि ही दोघं तिच्यात बसलेले पाहुणे. मला तिची दया आली आणि नवऱ्याचा रागही आला. त्या बिचाऱ्याला अजून काही माहीतसुद्धा नव्हतं.

आम्ही गाडीवर कव्हर चढवलं आणि दोरीने आवळून बांधलं.

"मांडवाचे बांबू येतायत," तिने दादांना सांगितलं. "उगाच लागतील."

दादांनी कव्हरवरूनच एकदा हात फिरवला. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "सीमा, बांबू आले काय?"

"येतायत, दादा," मी म्हटलं. मांडवाचे बांबू खरंच दुसऱ्या दिवशी आले, तेव्हा मी गणपतीला मनातल्या मनात हात जोडले.

ऑपेरा हाउसला गाड्यांच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे आम्ही गेलो. दुकानदाराने मोबाइलमधला फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "नाखून अटकता है?" आम्हाला कळेना. मग त्याने काउंटरवरच्या एका ओरखड्यावरून नख आडवं फिरवून दाखवलं. नख अडकलं नाही तर ओरखडा वरवरचा, रबिंग कंपाउंड नावाची घासायची पेस्ट लावून निघतो. अडकलं तर खोल आहे, रंग भरावा लागतो. रंगाचा नंबर दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो, तो बघून या, म्हणाला. निळ्यात निळे बरेच असतात. मालनताईने तो डाग कशाने पडला हेही सांगून टाकलं. दुकानदाराने मोबाइल काउंटरवर ठेवला. मग म्हणाला, "भाभी, बर्तन नहीं है."

एक ओरखडा वरवरचा निघाला, एक खोल. नंबर बघून आम्ही रंगाची छोटी बाटली, वर द्यायच्या पारदर्शक लॅकरची दुसरी बाटली, कंपाउंड आणि अगदी बारीक पॉलिश पेपर आणला. दादा दुपारी झोपले की आम्ही कव्हराचा कोपरा उचलून कामाला लागायचो.

पहिल्या दिवशी तिने रंग लावला तो बाटलीच्या झाकणातल्या ब्रशने, एकदाच, भरपूर. बोटाने चाचपलं तर ओरखड्याच्या जागी वरंबा. खड्डा होता तिथे टेकडी झाली. शिवाय एक सर येऊन गेली होती, हवेत दमट ओल होती, तर वाळता वाळता रंग पांढुरका पडला. "ह्या तर पहिल्यापेक्षा वाईट झाला," ती म्हणाली. मी म्हटलं, झालं खरं. खोटं कशाला बोलायचं?

दोन्ही चुका तिने एकेक करून काढल्या. पॉलिश पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून त्याने तो वरंबा उतरवला. पेपर कोरडा वापरायचा नाही, सारखं पाणी घालत राहायचं. इथेच तिची खरी परीक्षा होती, कारण हळू घासणं तिच्या रक्तात नाही. मी शेजारी उभी राहून सांगत होते, ताई, मनगट नको, बोट. ताई, समई नाहीये ती. एकदा ती माझ्यावर खेकसली, "तूच घास तर!" मी पेपर हातात घेतला, तर तिने तो परत ओढून घेतला. शेवटी तिने दोन बोटं टेकवली आणि गोंजारल्यासारखं घासायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा.

मग ऊन बघून, मांडवाच्या ताडपत्रीखाली सावलीत, तिने टूथपिकच्या टोकावर रंगाचा थेंब घेऊन फक्त ओरखड्याच्या आत सोडला. पातळ थर. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर दुसरा. पाऊस असला की काम बंद. रंग भरून आला, तेव्हा वर लॅकर, आणि मग चांगले काही दिवस हात न लावता तसंच ठेवलं. त्या दिवसांत ती घरातल्या सगळ्या पितळेवर तुटून पडली होती. मंडळाच्या समया तर तिने दोनदा घासल्या.

लॅकर कडक झाल्यावर पुन्हा ओला पेपर, मग मऊ कापडाने कंपाउंड. आणि काय सांगू, तो पांढुरका डाग आमच्या डोळ्यांदेखत विरत गेला. आतून खोल निळा रंग वर आला, त्यात मांडवाचे बांबू दिसायला लागले. मी मालनताईला मिठीच मारली. मला रडूच आलं, का ते विचारू नका.

ती मात्र खूश नव्हती. "माझो हात घासून घासून राठ झालो," म्हणाली. "माका काय कळतला? त्यांच्या बोटांक कळतला." मग ती वर गेली, दुधाची रिकामी पिशवी धुऊन, पुसून घेऊन आली, ती हातात मोज्यासारखी घातली आणि पत्र्यावरून बोटं फिरवली. पातळ प्लास्टिकमधून बारीकसा कणही जाणवतो, हे तिने फोनवरच्या कुठल्यातरी व्हिडिओत पाहिलं होतं. मीही करून बघितलं, खरं आहे. एका टोकाला किंचित खरखर लागली. ती तिने पुन्हा काढली. मग पॉलिश आणि शेवटी मेण.

निघायच्या आदल्या सकाळी कव्हर काढलं. चहा झाल्यावर दादा खाली उतरले. हितेंद्र आधीच गाडीजवळ उभा होता. कव्हर इतके दिवस का बांधलंय याचा त्याला वास आला होता. चावी मालनताईच्या मुठीत होती.

दादांनी बॉनेटपासून सुरुवात केली. डावं पुढचं दार. मग मागचं. बोटं दाराच्या मध्यापर्यंत आली आणि थांबली. मागे गेली, परत पुढे आली. हितेंद्रने हात पुढे केला नाही, पण करायच्या बेतात होता.

"मालन," दादा म्हणाले, "हयसर काय केलंस गो?"

मालनताई खोटं बोलली नाही. "गेटाक लागली," म्हणाली. "मी भरून काढलंय."

"तूच?"

"मीच."

"दादा, नियम तुमचाच आहे," हितेंद्र म्हणाला.

दादांनी पुन्हा हात फिरवला, यावेळी सावकाश. "हितू, ओरखडो मी एकदा सायबाच्या गाडीकसुद्धा पाडललंय. गॅरेजच्या मागे नेवन रातोरात भरललंय. सायबाक कधी कळाक नाय. पण हात फिरवलो की माका रोज लागायचो." मग ते हसायला लागले. "हयसर माका ओरखडो लागणाच नाय. उरलेली गाडी खरखरीत लागता. ह्याच एक दार गुळगुळीत, म्हणान सापडला. बाकीची कधी करतलंस?"

हितेंद्रने वाकून दाराकडे पाहिलं. मग स्वतःही हात फिरवला. माझा नवरा कधीतरी प्रामाणिक असतो, तो तेव्हा होता. "भारी झालंय, वहिनी," म्हणाला, आणि बॅगा डिकीत टाकायला लागला.

मालनताईने त्याच दिवशी उरलेल्या गाडीलाही हात घातला. पॉलिश, मग मेण. मी कापडं धुवून दिली. पहाटे निघालो तेव्हा दादा सवयीने पुढचं दार चाचपायला लागले, मग थांबले आणि मागे जाऊन बसले. डावीकडे, साहेब बसायचे तिथे. मी त्यांच्या शेजारी, हितेंद्र पुढे. कशेडी घाटात त्याने सूचना द्यायला तोंड उघडलं, तर दादा मागून म्हणाले, "हितू, ड्रायव्हराशी बोलाचा नसता." ट्रकवाल्यांनी साइड दिली. रिव्हर्स घ्यायची वेळ कुठेच आली नाही.

खळ्यात गाडी थांबली तेव्हा शेजारपाजारचे सगळे बाहेर आले होते. मालनताई उतरली. हितेंद्र आणि मी उतरलो. दादा बसूनच राहिले, मांडीवर हात, नजर समोर.

"उतरा की," मालनताई म्हणाली.

"दार उघड," दादा म्हणाले.

ती क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग गाडीला वळसा घालून आली, पदर खोचला आणि मागचं दार उघडून बाजूला उभी राहिली. दादांनी आधारासाठी हात पुढे केला, तशी ती चटकन म्हणाली, "माझो हात धरा. दाराक बोटां लावू नका, कालच पॉलिश केलंय."