छत्रीच्या कापडाची चड्डी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी छत्रीवाल्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे. जिन्याखालची जागा ती. आत शिरताना उंच माणसाला वाकावंच लागतं. मध्यंतरी तिथे छताला एक उघडी छत्री टांगलेली दिसू लागली. कापड नाही, नुसता सांगाडा, आणि काडीकाडीला वाळत घातलेले लंगोट.

लंगोट ठकीचे. ठकी म्हणजे छत्रीवाल्यांची तान्ही नात. बायको वारलेली, जावई परगावी नोकरीला आणि मुलीला नर्सिंगच्या कोर्सला जागा मिळालेली. दुपारी ठकीला बसने आईकडे पाजायला न्यायचं काम छत्रीवाल्यांनी स्वतःहून मागून घेतलं. मुलीच्या काही ते गळी उतरेना.

"बाबा, थोडे दिवस बघू. तिचे हाल झाले तर मी कोर्स सोडणार. मग समजूत घालायला येऊ नका."

"अगं, लोकांना कोरडं ठेवण्यात जन्म गेला माझा. ही तर वीतभर पोरगी!"

पहिल्याच दिवशी वीतभर पोरीने लंगोट भिजवला, आजोबांचा शर्ट भिजवला आणि शेजारच्या बाईंची पर्सही. कंडक्टर ओळखीचा. तो म्हणाला, "काका, गावाच्या छत्र्या शिवता, आणि घरच्या पावसाचं काय?"

हे त्यांच्या फार मनाला लागलं. संध्याकाळी ते मशीनवर बसले. छत्रीच्या काळ्या कापडाची आधी एक नाडीची पिशवी शिवली, ओले लंगोट ठेवायला. ती झकास जमली. उरलेल्या कापडाची त्यांनी लंगोटावरून घालायची चड्डी शिवली. मांड्यांशी इलॅस्टिक आणि कमरेला मिटलेली छत्री बांधायची पट्टी, बटणासकट. ठकी अगदी घडी घातलेल्या छत्रीसारखी दिसू लागली.

मग काय विचारता! शर्ट कोरडा, सीट कोरडी. "बघ, थेंब नाही!" ते कंडक्टरला दाखवत. थेंब दिसत नाही म्हटल्यावर वाटेत चड्डी उघडून बघायचं त्यांना कारणच उरलं नाही.

एक दिवस ठकी वाटभर रडली. त्यांना वाटलं, भूक लागली असेल. मुलीने कॉलेजच्या व्हरांड्यातल्या बाकावर चड्डीचं बटण काढलं. लंगोट चिंब, आतून कोंदट वाफ, आणि मांड्या लालबुंद.

तिने ओला लंगोट सोडून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "बाबा, छत्री बाहेरचा पाऊस अडवते. इथे पाऊस आतच पडतोय."

छत्रीवाल्यांची मान खाली गेली.

"मी वर्गाच्या बाईंना सांगून येते. उद्यापासून घरीच राहीन."

"एक दिवस दे मला."

"आणि हिच्या मांड्या?"

"मोकळ्या ठेवतो. चड्डी घालतच नाही. भिजायचं ते मी भिजेन."

घंटा झाली. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही, वर्गात गेली.

दुसऱ्या दिवशी छत्रीवाले निघाले ते खांद्याला लंगोटांची थैली आणि नाडीची काळी पिशवी अडकवूनच. दर थांब्याला लंगोटाखाली हात घालून बघत. ओलं लागलं की खाली उतरत, थांब्याच्या बाकावर ठकीला मांडीवर उघडीच ठेवत, जरा वारा लागू देत, मग कोरडा लंगोट बांधून पुढची बस पकडत. पोचायला उशीर झाला. मुलगी फाटकाशी रस्त्याकडे डोळे लावून उभी होती.

"इतका वेळ?"

"मॅडम हवा खात होत्या."

तिने लंगोट सोडून पाहिला. कोरडा. मांड्यांची लाली उतरणीला लागलेली. मग तिचं लक्ष वडिलांकडे गेलं. छातीपासून पट्ट्यापर्यंत शर्ट अंगाला चिकटलेला.

"बाबा, हे काय?"

"आज तिसऱ्यांदा भिजवला," ते म्हणाले, पोर पहिली आल्याचं सांगावं तसे.

ती खळखळून हसली आणि हसता हसता पालथ्या हाताने डोळे पुसू लागली. ठकीला पाजून झाल्यावर घंटा वाजली. लेकीला वडिलांच्या ओल्या कुशीत ठेवत ती म्हणाली, "उद्या एक जास्तीचा शर्ट आणा. माझ्या इथल्या कपाटात राहू दे."